पाय सोड, पोरी

"पाय सोड, पोरी. धरून ठेवू नको."

मेघानं दचकून मान वळवली. धुळ्याच्या सिव्हिलमध्ये बुधवारची अपंगत्वाच्या दाखल्याची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत आली होती, आणि रांगेच्या कडेला बाकड्यावर एक पिकल्या दाढीचा माणूस बसला होता. त्याच्या उजव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी कॅलिपर होतं. तो तिच्या पायाशी बोलत होता, पण बघत होता खांद्यांकडे.

"मी बरोबर चालते," मेघा म्हणाली.

"तेच तर चुकतंय. बरोबर चालणाऱ्याला इथं टक्के मिळत नाहीत."

तिचा बाप लोटन मागेच उभा होता. परका माणूस पोरीशी बोलतोय म्हटल्यावर तो पुढे झाला. "काय शे भाऊ?"

"नाना, हाई पोर पाय चोरीसन चाली ऱ्हायनी," त्या माणसानं सरळ अहिराणीतच सुरू केलं. "डॉक्टर दोन मिनिट देखस. त्याले वाटी पोर बरी शे, आनि तीस टक्का लिखी टाकी. चाळीसना खाले गयं का मंग बठ्ठी रांग फुकट. आतमा गयं का पाय लोंबू द्या. डॉक्टर दाबी तव्हय जोर लावानाच नही."

मेघानं तसंच केलं. पंचावन्न टक्के मिळाले.

यात खोटं काय होतं? पाय वाळलेला होताच. दीड वर्षाची असताना ताप आला आणि डाव्या मांडीपासून खाली सगळं ढिलं पडलं, ते पडलंच. गर्दीच्या दिवशी डॉक्टरला ते दोन मिनिटांत दिसावं म्हणून पाय थोडा जास्त ढिला सोडायचा, एवढंच. बाकड्यावरच्या या हाशमभाईंनी तीस वर्षांत शेकडो माणसं हे एकच वाक्य सांगून त्या खोलीत पाठवली होती. आपण चांगलं काम करतो अशी त्यांची समजूत होती, आणि बरीचशी ती खरीही होती.

देवपुरात हाशमभाईंची वेल्डिंगची शेड होती. खिडक्यांची ग्रिलं, गेटं, शेजारच्या शाळेची बाकं, आणि मधूनच अपंगांच्या तीनचाकी. बुधवारी शेड बंद. "लोग जुम्मेको छुट्टी लेते, तुम बुधवारको भी लेते," असं त्यांची बायको हमीदा दर बुधवारी न चुकता म्हणायची, आणि डबाही न चुकता भरून द्यायची. हाशमभाई रांगेच्या कडेला बसून माणसं हेरायचे. पाय गेलेल्या माणसाचं सगळं बळ खांद्यात उतरतं, हा त्यांचा सिद्धांत. असे खांदे दिसले की ते गोळाफेकीला बोलवायचे. कोणी हसायचं, कोणी शिवी द्यायचं, दहातला एखादा यायचा.

त्यांनी स्वतः तरुणपणी गोळा फेकला होता. पण पाय नसलेल्यांनी बसून फेकायची तर तशी खुर्ची लागते, उंच, जमिनीला पट्ट्यांनी आवळून बांधलेली. त्या काळी इकडे ती कुणी पाहिलीही नव्हती. साधी लाकडी खुर्ची दोघांनी धरून ठेवायची आणि यांनी फेकायचं. एकदा धरणाऱ्याचं लक्ष गेलं, खुर्ची उलटली आणि हाशमभाईंचे पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून ते पोरांसाठी लोखंडी खुर्च्या बनवत होते. उंची गादीसकट पंचाहत्तर सेंटिमीटर, केसभरही जास्त नाही. पुढे एक उभा दांडा, डाव्या हातानं धरायला. आतापर्यंत आठ जण तयार झाले होते. रावेरचा स्वप्नील, केळीच्या ट्रॅक्टरखाली पाय गेलेला, तो राज्यापर्यंत जाऊन आला होता. परदेशात मात्र एकही गेला नव्हता, आणि ही गोष्ट हाशमभाईंना फार लागून राहिली होती.

पुढच्याच आठवड्यात ते नरडाण्याजवळच्या मेघाच्या गावी जाऊन थडकले. पिशवीत तीन किलोचा गोळा.

मेघाची आई ताईबाई अंगणात होती. सारवलेल्या अंगणात राखेची एक सरळ रेघ ओढलेली होती. हाशमभाईंना आधी वाटलं मुंग्यांसाठी असेल. ती मेघासाठी होती. रोज संध्याकाळी ताईबाई पोरीला त्या रेघेवरून चालवायची. पाय ओढायचा नाही, कंबर उडू द्यायची नाही. मेघा बारा वर्षांची झाली तेव्हापासून हे चालू होतं. पोरगी बघायला पाहुणे आले की पाण्याचा माठ सतरंजीपासून बरोबर चार पावलांवर ठेवलेला असायचा. चार पावलं मेघा बिनचूक चालायची. पाचव्याला पाय दगा द्यायचा. पण चौथ्या पावलाला माठ यायचा, तिथं वाकायचं, तांब्या भरायचा, तेवढ्यात दम धरायचा, आणि परत चार पावलं.

तीन ठिकाणी जमलंही होतं. पण चौकशी करणारे करतातच. तीनही स्थळं मोडली.

"पोर बाईनी जात शे, भाऊ," ताईबाई म्हणाली. "गावोगाव लोकेसनी पाय देखी लिधा ते मंग इले कोन करी?"

"अक्का, आते तरी कोन करी ऱ्हायनं?" हाशमभाई बोलून गेले.

ताईबाईनं जे पाहिलं त्यांच्याकडे, त्यावरून चहा मिळणार नाही हे नक्की झालं. तेवढ्यात मेघानं पिशवीतला गोळा काढला होता. ती खाटेच्या काठावर बसली, गोळा मानेपाशी धरला, कसा धरायचा हे कुणी सांगितलं नसताना, आणि दिला फेकून. तो गोठ्याच्या पत्र्यावर धाडकन आदळला. म्हैस दावं तोडून पळाली. लोटन म्हशीमागे, ताईबाई लोटनमागे, आणि मेघा खाटेवर बसून हसत सुटली. हाशमभाईंनी त्या पोरीला तेव्हा पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी म्हशीच्या धुळीवर ढकललं.

दीड वर्षात मेघा जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, सगळं करून आली. राष्ट्रीयला पायाची तपासणी झाली, तेव्हाही हाशमभाईंनी निघताना तेच सांगितलं होतं. तेही निभावलं. ती साडेनऊ मीटर टाकायला लागली. मग एक दिवस जिल्हा संघटनेच्या हितेंद्रचा फोन आला. मेघाची निवड झाली होती. आखातात, आंतरराष्ट्रीय स्पर्धेला. हाशमभाईंनी शेजारच्या शाळेत पेढे वाटले. ताईबाईनं राखेची रेघ ओढणं बंद केलं नाही, पण पोरगी विमानात बसणार हे तिनं सगळ्या गावाला सांगितलं.

नरडाण्याच्या फलाटावर गाडी यायला दहा मिनिटं होती. लोटन सामान मोजत होता. हाशमभाईंनी मेघाला बाकड्यावर बसवलं.

"तिथं पहिल्यांदा क्लासिफिकेशन होईल. परदेशी डॉक्टर पाय तपासून ठरवतात, कुठल्या गटात खेळायचं. गटात नाही बसलीस तर आल्या पावली परत. टक्के-बिक्के ते बघत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, पाय सोड. अजिबात जोर लावू नको. ते म्हणतील ढकल, तू ढकलू नको. जीव नाहीच त्यात, असं."

"पण थोडा आहे ना, चाचा."

"थोडा आहे ते त्यांना कशाला? थोड्यावर त्यांनी बाद केलं म्हणजे?"

मेघानं मान हलवली. गाडी आली. ताईबाई खिडकीशी गेली आणि तिनंही जाता जाता पोरीला सांगितलं, "परकी मानसे ऱ्हाथीस. पाय झाकीसन चाल."

दोघांचीही माया खरी होती. पोरीला एकीकडून आई ओढत होती आणि दुसरीकडून गुरू, आणि हे त्या फलाटावर कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुढे काय झालं ते हाशमभाईंना आठ दिवसांनी कळलं, हितेंद्रच्या ऑफिसात. हितेंद्र एरवी बडबड्या माणूस, पण त्या दिवशी त्यानं आधी दार लावून घेतलं.

"तपासणीत तिनं पाय पूर्ण मेलेला दाखवला. शून्य. बोटसुद्धा हलवलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळी सगळ्यांना स्टेडियमकडे न्यायला बस आली. तिच्या पुढे-मागे दुसऱ्या देशांची पोरं, माणसं. ही दांडी धरून बसमध्ये चढली. तीन पायऱ्या आणि आत एक पाऊल. एकदम नीट चढली, भाई. धडधाकट माणसासारखी. आणि मागे उभी होती तीच बाई, जिनं सकाळी पाय तपासला होता."

चार पावलं, एवढंच हाशमभाईंच्या डोक्यात आलं. परक्या माणसांसमोर मेघा चार पावलं नेहमीच नीट चालत आली होती.

"दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. ती घाबरली. परत पाय तसाच मेलेला सोडून दिला. मेलेला पाय पायरी चढत नाही, हे काय त्यांना कळत नाही? जाणूनबुजून फसवणूक, असं लिहिलंय. गोळा हातात घेऊच दिला नाही तिला."

"पण पाय खराब आहे तिचा. तू पाहिलाय."

"पाहिलाय ना. आणि त्यांचं गटांचं कोष्टकही मागवून पाहिलं." हितेंद्रनं टेबलावरचा कागद पुढे सरकवला. "पाय आहे तसा दाखवला असता तरी ती गटात बसत होती, भाई. आरामात."

हाशमभाईंनी कॅलिपरचा खटका उघडला, पुन्हा लावला. पुन्हा उघडला.

रात्री जेवताना हमीदानं ताट तसंच पाहिलं आणि विचारलं, "तुमनेच सिखाया था ना उसको?" तिनं ताट उचललं.

महिन्यानं सुनावणी होती, कंप्युटरवरून. मेघाला बापासोबत हितेंद्रच्या ऑफिसात बोलावलं. आदल्या दिवशी हितेंद्रनं हाशमभाईंना बाजूला घेतलं होतं. "तुम्ही कॅमेऱ्यासमोर यायचं नाही. शिकवणाऱ्याचं नाव निघालं तर तुमची बाकीची पोरंही तपासायला काढतील. स्वप्नीलची निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. एकीपायी आठ जण बुडवायचे का, ते तुम्ही ठरवा."

हाशमभाईंनी रात्रभर ठरवलं. सकाळी ते ऑफिसात गेले आणि भिंतीशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा खुर्चीवर बसले.

पडद्यावर तीन माणसं होती. चौथी बाई त्यांचं बोलणं हिंदीत सांगत होती. त्यांचा आवाज चढा नव्हता. उलट फार सभ्य होता, आणि त्याचीच भीती वाटत होती.

"तुम्हाला असं करायला कुणी सांगितलं का? सांगणाऱ्याचं नाव दिलंत तर तुमची शिक्षा अर्ध्यावर येऊ शकते."

मेघानं मान फिरवली आणि भिंतीकडे पाहिलं. हाशमभाईंकडे. तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती, जशी खुर्चीत बसल्यावर त्यांच्या 'टाक' म्हणण्याची वाट बघायची.

हाशमभाईंच्या घशापर्यंत शब्द आला होता. मग त्यांना स्वप्नील आठवला, बाकीचे सात आठवले, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं नावही आठवलं, तीस वर्षांचं. ते आपल्या कॅलिपरकडे बघत राहिले.

"कुणीच नाही," मेघा म्हणाली. "मीच केलं."

चार वर्षांची बंदी आली.

गावात बातमी पोचायला एक दिवसही लागला नाही. मेघा लंगडी आहे हे ताईबाईनं दहा वर्षं चार गावांपासून लपवलं होतं. आता सगळ्या तालुक्याला कळलं की ती लंगडी आहे, आणि वर हेही कळलं की लंगडी असल्याचं सोंग करते. ही दोन्ही एकदम कशी खरी असतील, असा प्रश्न कुणाला पडला नाही. किराणा दुकानात एकानं तिला बघून पाय ओढत चालून दाखवलं. लोटननं दुकान बदललं. ताईबाईनं माठ उचलून आत चुलीमागे नेऊन ठेवला.

अपिलाची मुदत एकवीस दिवसांची होती. चूक माझी, मीच तिला सांगितलं, एवढं एका कागदावर लिहायला हाशमभाईंना चाळीस दिवस लागले. स्वप्नीलची चाचणी तोवर होऊन गेली होती. त्याची निवड झाली नाही.

"आता काय उपयोग, भाई?" हितेंद्र कागद परत देत म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला. हाशमभाई तो न पिता उठले.

बुधवारी शेड उघडी राहायला लागली. हमीदाचा बुधवारचा डबाही थांबला.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी शेडसमोर रिक्षा थांबली आणि मेघा उतरली. रिक्षात मागे तिची फेकीची खुर्ची होती. हाशमभाईंनी ग्राइंडर बंद केलं. रिक्षावाल्यानं खुर्ची आत आणून ठेवली आणि तो रस्त्यावर जाऊन थांबला.

"ये, बस. तुझी चाची आत आहे. हाक मारतो."

"नको चाचा. काम आहे." तिनं खुर्चीवर हात ठेवला. "हिचं स्टूल करून द्या."

"स्टूल?"

"नरडाण्याला कंपनीत लागले. पॅकिंगला. टेबल उंच आहे, आणि तिथली बाकडी बुटकी. दिवसभर उभं राहवत नाही. बासष्ट सेंटिमीटर पाहिजे. मी टेबल मोजून आणलंय."

हाशमभाई खुर्चीभोवती एक फेरी मारून आले. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा त्यांच्या ओळखीचा होता. दांड्यावर मेघाच्या हाताखाली चिकटपट्टी झिजून काळी पडली होती.

"तुला दुसरं करून देतो की. नवं. ही राहू दे. चार वर्षांनी..."

"चार वर्षांनी मी सव्वीसची होईन, चाचा. हिचंच करा. लोखंड चांगलं आहे."

त्यांनी टेप काढला. चारही पायांवर खडूनं खुणा केल्या, तेरा-तेरा सेंटिमीटरवर. मेघानं हात न लावता, पण बारकाईनं, चारही खुणा पाहिल्या. मग कटर चालू झालं. ठिणग्या उडाल्या. एकेक तुकडा खाली पडला की खण्ण आवाज व्हायचा, आणि तो बंद पडेपर्यंत हाशमभाई पुढच्या पायाकडे वळत नव्हते.

"दांडा ठेवू का? टेकायला होईल."

"काढा."

त्यांनी दांडा कापला. कडा घासल्या. हातानं चाचपून पाहिलं, कुठं टोचत तर नाही ना. मग पायांना रबराच्या टोप्या बसवल्या, कंपनीची फरशी खराब व्हायला नको म्हणून. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तरी त्यांचे हात स्टुलावरून निघत नव्हते.

"मेघा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"हो," मेघा म्हणाली.

ती आणखी काहीतरी बोलेल म्हणून ते थांबले. असू द्या, तुमचा काय दोष, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं, यातलं काहीतरी. माणूस अशा वेळी असं काही म्हणतो. मेघा म्हणाली नाही. ती स्टुलावर बसली, दोन्ही हात पुढे करून टेबलाचा अंदाज घेतला आणि उठली.

"बरोबर आहे. किती द्यायचे?"

"पोरी, मारतेस का मला?"

तिनं पिशवीत घातलेला हात काढून घेतला. "येते."

"थांब, रिक्षापर्यंत मी आणतो."

"तुम्हाला नाही झेपायचं."

तिनं स्टूल एका हातानं उचललं, सहज, आणि खांद्यावर टाकलं. तोच खांदा, जो बघून त्यांनी तिला रांगेतून वेचली होती. शेडच्या दारात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, रस्त्यावर शाळेची पोरं होती. ती बाहेर पडली.

हाशमभाई सवयीनं पावलं मोजायला लागले. पण पहिल्याच पावलाला डावा पाय मागे राहिला, कंबर एका बाजूला गेली, टाच जमिनीला घासली, मग पाय पुढे आला. दुसऱ्यालाही तसंच. ती काही झाकत नव्हती आणि वाढवूनही दाखवत नव्हती. तीस वर्षं हजारो पाय पाहिलेल्या त्या माणसानं मेघाचा पाय आज पहिल्यांदा पाहिला. मेलेला नव्हता तो. बराही नव्हता.

शेडपासून रस्त्यापर्यंत तीस पावलं होती. ती तीसही पावलं लंगडत गेली.